थोरला दवाखाना आणि पाळी गेलेली बाई : एक दीर्घ धागा

१/
कोल्हापुरात ज्या रुग्णालयाला जुनी माणसे आजही 'थोरला दवाखाना' म्हणतात, त्याच्या इतिहासात एक खुर्ची रिकामी राहिली आहे. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने तेथील स्त्री-कक्षाची प्रमुख म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्या रुजू झाल्याच नाहीत.

२/
ही कथा आपण दरवर्षी सांगतो आणि सांगून गहिवरतो. गहिवरायला हरकत नाही. पण त्या खुर्चीसमोर येऊन बसणारी बाई कोण होती, तिच्यासाठी हा सारा खटाटोप कशाला चालला होता आणि आज त्याच शहरात पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई दवाखान्यात गेली तर तिला काय ऐकावे लागते, हे प्रश्न त्या गहिवरात वाहून जातात. आजचा धागा त्या प्रश्नांचा आहे. विषय : रजोनिवृत्ती. हा शब्द वाचताच ज्यांना पुढे सरकावेसे वाटले, त्यांनी कृपया थांबावे. लिहिणे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

३/
आधी एक दुरुस्ती. आनंदीबाईंच्या नेमणुकीचे श्रेय अनेकजण राजर्षी शाहूंना देतात. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले हे खरे, पण १८८६ मध्ये ते बारा वर्षांचे होते. राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १८९४ मध्ये. नेमणूक झाली ती त्यांच्या अल्पवयात, संस्थानच्या कारभाऱ्यांकडून. महाराजांचे स्वतःचे कर्तृत्व एवढे आहे की त्यांना उसने श्रेय देण्याची गरज नाही. त्याकडे पुढे येतेच.

४/
अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले होते. एका हिंदू स्त्रीने एकटीने परदेशी का जावे, या प्रश्नाला ते उत्तर होते. त्यांचा मुद्दा सोपा होता : या देशात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण इथल्या स्त्रिया आपले दुखणे पुरुषापुढे उघड करू शकत नाहीत. स्वतः त्या चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले होते. म्हणजे स्त्री-वैद्यकाच्या या आरंभाचा पाया होता 'बोलता येणे'. औषध त्यानंतरचे.

५/
पण त्याच वेळी गाडीचे रूळही टाकले जात होते. आनंदीबाईंच्या पदवी-प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन फंडाने स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. बायका बाळंतपणात मरत होत्या, बाळे सुतकाआधी जात होती, त्यामुळे हा अग्रक्रम योग्यच होता. त्याला नावे ठेवणारी मी कोण? तक्रार एवढीच की ज्या रुळांवर गाडी १८८५ मध्ये निघाली, त्यांना पुढच्या स्थानकांसाठी कोणी फाटाच काढला नाही.

६/
आनंदीबाईंची खुर्ची पुढे खऱ्या अर्थाने भरली ती डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानच्या स्त्री-शिक्षणाच्या अधीक्षक होत्या. कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, शाहू महाराजांच्या पाठबळावर विसाव्या शतकाच्या आरंभी डब्लिनला जाऊन पुढचे शिक्षण घेऊन आल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे याच थोरल्या दवाखान्यात, स्त्रियांवर उपचार करू लागल्या. आजचे त्याचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी 'सीपीआर'. मोठ्या शहरांतसुद्धा स्त्री-डॉक्टर दुर्मीळ असताना करवीरच्या बायकांना ती आपल्या गावात लाभली होती.

७/
या वारशाचे पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेला स्त्रीचे शरीर दिसले ते लोकसंख्येच्या हिशेबात. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम आखणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. मग माता-बाल संगोपन आले, प्रजनन व बालआरोग्य आले, २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. नावे वाचा : माता, बाल, प्रजनन, जननी. या शब्दांत बसण्यासाठी बाईला एकतर आई व्हावे लागते किंवा होऊ नये म्हणून ऑपरेशन करून घ्यावे लागते. पाळी गेलेली बाई यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

८/
हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा देशातील स्त्री-आरोग्याचा सर्वांत मोठा सरकारी दस्तऐवज. तिच्यात स्त्रियांची मुलाखत घेतली जाते ती १५ ते ४९ या वयात. पन्नासाव्या वाढदिवशी बाई या पाहणीतून उठून जाते. पाचव्या फेरीत (२०१९–२१) पन्नाशीपुढच्या बाईचा रक्तदाब मोजला गेला, रक्तातली साखर मोजली गेली, पण तिला बोलते करणारी मुलाखत नाही. पुरुषांची मुलाखत मात्र ५४ वर्षांपर्यंत घेतात. ही पाच वर्षे त्यांना कशाबद्दल जास्त दिली असतील, हे वाचकांनी ओळखावे.

९/
भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६–४७ व्या वर्षाच्या सुमारास जाते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. त्याआधीची चार-सहा वर्षे संक्रमणाची. म्हणजे ज्या वयात दवाखान्याची खरी गरज सुरू होते, नेमक्या त्याच वयात सरकारी कागद तिचा निरोप घेतो.

१०/
आता थोडे मागे, फार मागे. सुश्रुतसंहितेत रजाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत असा सांगितला आहे. म्हणजे ही अवस्था आपल्या वैद्यकाला ठाऊक नव्हती असे नाही. पण गर्भिणीच्या आहारविहारावर, सूतिकेच्या उपचारांवर, बालग्रहांवर विस्ताराने लिहिणारी ती परंपरा रजःक्षयाजवळ येते आणि एक उल्लेख करून पुढे जाते. युरोपचेही फारसे वेगळे नव्हते. 'मेनोपॉज' हा शब्दच १८२१ चा, द गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने रूढ केलेला. त्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहून नाव मिळवणारा एडवर्ड टिल्ट १८५७ मधला.

११/
आणि आपला समाज? मुलगी न्हाण आली की मखर, हळदीकुंकू, ओटी, ऋतुशांती. साऱ्या आळीला कळेल असा सोहळा. ती 'वयात येते'. वयातून बाहेर पडते तेव्हा मात्र सोहळा तर नाहीच, धड शब्दही नाही. 'रजोनिवृत्ती' पुस्तकात. घरात बाई म्हणते, 'सुटले बाई एकदाची.'

१२/
त्या 'सुटले'ची थट्टा करू नये. त्यात खरा अर्थ आहे. विटाळ सुटला, कोपऱ्यात बसणे सुटले, दिवस राहण्याची भीती सुटली. लोणच्याच्या बरणीला हात लावता येतो, अंबाबाईच्या वारीला तारखा मोजाव्या लागत नाहीत. १९७५ मध्ये मार्शा फ्लिंट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान व हिमाचलातील ४८३ राजपूत स्त्रियांविषयी लिहिले की त्यांच्यात पाळी गेल्याच्या तक्रारी फारशा आढळत नाहीत, कारण पडदा सुटतो आणि प्रतिष्ठा वाढते. निरीक्षण मोलाचे आहे. पण त्याचा आधार घेऊन 'आमच्या बायकांना हा त्रास होतच नाही, ही पाश्चात्त्यांची थेरं' असे बोलणारे डॉक्टर मी कानांनी ऐकले आहेत.

१३/
त्यांना उत्तर महाराष्ट्रातच आहे, आणि तेही जुने. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचा अभ्यास आला. गडचिरोली भागातील दोन गावांत ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी. तक्रार सांगितली ५५ टक्क्यांनी. तपासल्यावर एक वा अधिक स्त्रीरोग आढळले ९२ टक्क्यांमध्ये. आणि त्यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगतपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तो अभ्यास रजोनिवृत्तीचा नव्हता. पण 'बायका तक्रार करत नाहीत, म्हणजे त्यांना दुखणे नाही' या युक्तिवादाचे श्राद्ध त्याने ३५ वर्षांपूर्वीच घातले आहे.

१४/
दुसरा लाडका युक्तिवाद : 'आमच्या आज्यांनी कुठे औषधे घेतली?' घेतली नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशाचे सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, त्यामुळे सगळ्याच बायका तिशीत जात असे त्यातून निघत नाही. पण साठी-सत्तरी पाहणाऱ्या कमी होत्या हे निघते. आज पाळी गेल्यावर बाई आणखी पंचवीस-तीस वर्षे जगते. तिच्या जाणत्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग. शिवाय आजी न्हाणीघरात मोडलेल्या खुब्यासह अंथरुणाला खिळली, त्याला आपण 'वय झालं' म्हटले. ते ठिसूळ हाड कशामुळे झाले होते, हे तिलाही कोणी सांगितले नाही आणि आपल्यालाही.

१५/
शरीरात घडते काय, ते थोडक्यात. अंडाशये इस्ट्रोजेन बनवणे कमी करतात. मेंदूतले तापमान राखणारे केंद्र बिथरते, म्हणून पौषातल्या रात्री घामाने पातळ भिजते आणि छातीपासून कानशिलापर्यंत वाफा चढतात. झोप तुटते. झोप तुटली की स्मरण, चित्त, संयम सारेच हलते. योनिमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. हाडांची झीज पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. हृदयविकाराचा धोका वाढतो. वाफांचा त्रास काही महिन्यांत संपतो ही समजूतही चुकीची : अमेरिकेतील स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात तो सरासरी सात वर्षांहून अधिक टिकलेला दिसला.

१६/
आता दवाखान्यात चला. मी एकोणपन्नासाव्या वर्षी गेले होते. दवाखान्याचे नाव सांगत नाही. ते कोणत्याही दवाखान्याचे असू शकते. चार महिने रात्री दोनला जाग येत होती, वर्गात शिकवताना नेहमीचे शब्द आठवेनासे झाले होते. डॉक्टरांनी माझे ऐकले, मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला विचारले, 'घरात काही टेन्शन आहे का यांना?' मग कॅल्शियमच्या गोळ्या आणि झोपेची एक गोळी. पाळीविषयी एक प्रश्न नाही. आनंदीबाई ज्या बाईसाठी सातासमुद्रापार गेल्या होत्या, ती डॉक्टरसमोर पोचली होती, बोलत होती, आणि उत्तर शेजारच्या खुर्चीकडून मागितले जात होते.

१७/
मी सुशिक्षित, पगारदार, शहरातली. मला मिळालेले उत्तर हे सौम्य उत्तर. दुसरे उत्तर माझ्या आत्याला मिळाले.

१८/
आत्या राधानगरीकडच्या खेड्यातली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसाव्या वर्षी तिला अंगावरून खूप जाऊ लागले, कधी पंधरा-पंधरा दिवस. संक्रमणाच्या काळात हे अनेकींचे होते. त्याला तपासण्या आहेत, गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे. तिला एका खासगी दवाखान्यात सांगण्यात आले, 'मुलं झालीत ना? मग या पिशवीचा काय उपयोग आता? ठेवलीस तर पुढे कॅन्सर होईल.' आठ दिवसांत म्हैस विकली गेली. पिशवी काढली. तीन आठवड्यांनी रात्रीच्या वाफा सुरू झाल्या, त्या इतक्या की घरच्यांनी बाहेरची बाधा समजून जोतिबाला नवस बोलला.

१९/
'सहन कर' आणि 'काढून टाक'. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसतात. माझे म्हणणे असे की ती सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची आई एकच समजूत : बाई म्हणजे तिचे गर्भाशय. ते कामाचे असेपर्यंत तिला दवाखाना. काम संपले की एकतर ते घेऊन घरी बस, नाहीतर ते इथे ठेवून जा. दोन्हीकडे त्या गर्भाशयाभोवतीचे उरलेले माणूस, त्याची झोप, त्याचे हाड, त्याचे हृदय, त्याची भूक आणि इच्छा, कोणाच्याच खात्यात येत नाही.

२०/
आणि ही केवळ एका आत्याची कहाणी असती तर धागा लिहिला नसता. कोल्हापूर हा साखरेचा जिल्हा. दर हंगामात बीड व मराठवाड्यातून ऊसतोड कामगार इथल्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून 'उचल', आणि एक दिवस चुकला की 'खाडा'. खाडा म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळीच्या चार दिवसांत पालात पाणी नाही, आडोसा नाही, आणि पहाटे मोळी डोक्यावर. अशा बाईला कोणी सांगितले की पिशवी काढ, कटकट मिटेल, तर ती काय करील?

२१/
२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा जणींत एक. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.३ टक्के. देशात ही शस्त्रक्रिया होते ते मध्यम वय ३४ च्या आसपास, आणि सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत.

२२/
चौतीस. हा आकडा रजोनिवृत्तीच्या संदर्भात वाचावा लागतो, तसा तो क्वचितच वाचला जातो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर त्या बाईला रजोनिवृत्ती येते ती एका रात्रीत, संक्रमणाच्या वर्षांशिवाय, सर्व तीव्रतेसह. अंडाशये ठेवली तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. म्हणजे निसर्गाने जे सेहेचाळिशीत दिले असते, ते आपण चौतिशीत देतो. वर तिला हाडांसाठी, हृदयासाठी, वाफांसाठी काहीही उपचार देत नाही. चाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या बाईला, विशेष अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत हा जगभरचा सर्वसाधारण वैद्यकीय दंडक आहे. आपल्या फडातल्या बाईला तो कोण सांगणार? साखर आपल्या चहात पडते, एवढे तरी कोल्हापूरकरांनी ध्यानात ठेवावे.

२३/
सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला. त्यांत जिल्हा पातळीवरच्या देखरेख समित्यांची तरतूद आहे. उत्तम. पण समिती शस्त्रक्रिया रोखेल. ज्या रक्तस्रावामुळे बाई त्या दारात गेली, त्याचे काय? पहिले दार उघडे असल्याशिवाय दुसरे बंद करणे म्हणजे बाईला अंगणात उभे करणे.

२४/
आता संप्रेरकांविषयी, कारण इथे दोन्ही बाजूंनी इतिहासाची मोडतोड होते. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन बाजारात आले. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून 'चिरतारुण्य' विकायला काढले. रजोनिवृत्त स्त्रीविषयी त्यात जे शब्द आहेत ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. पुढे त्याला औषध कंपन्यांकडून पैसा मिळत होता हेही उघड झाले. म्हणजे बाजारानेही बाईचे ऐकले नाहीच. त्याने तिला नवऱ्यासाठी टवटवीत ठेवायचे फूल मानले.

२५/
मग २००२. अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला. जगभर मथळे झळकले : संप्रेरकांनी कर्करोग. प्रत्यक्षात वाढ होती ती दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ रुग्णांची. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. पुढील विश्लेषणांत दिसले की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी लाभ-धोक्याचे पारडे वेगळे पडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक इशारे काढण्याची प्रक्रिया जाहीर केली.

२६/
याचा अर्थ सर्वांनी गोळ्या घ्याव्यात असा नव्हे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्या, यकृत बिघडलेल्या बायकांना त्या सहसा देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागते. पुष्कळ जणींना काहीच नको असते, फक्त 'हे असे होते, तुला वेड लागलेले नाही' एवढे ऐकायचे असते. पण निर्णय घ्यायला आधी संभाषण लागते. २००२ चा मथळा पाठ असलेला आणि त्यानंतरची वीस वर्षे न वाचलेला डॉक्टर 'ते कॅन्सरचं औषध आहे' म्हणून फाइल मिटतो, तेव्हा तो सावधगिरी बाळगत नसतो.

२७/
एक गोष्ट न्यायाची म्हणून नोंदवते. तिशीपुढच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य रोगांसाठी चाळणी करण्याकरिता आशाताईंच्या हाती जी प्रश्नावली आहे, तिच्यात स्त्रियांसाठी एक प्रश्न असा आहे : पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का? हा प्रश्न मोलाचा आहे. बारा महिने पाळी नसताना पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी तपासणी ताबडतोब हवी. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असू शकते. वाचणाऱ्यांनी एवढे तरी घरी सांगावे. पण पाहा, सरकारने पाळी गेलेल्या बाईला विचारलेला प्रश्न कोणता, तर मरणाविषयीचा. जगण्याविषयी एकही नाही.

२८/
इतिहासलेखनही यातून सुटलेले नाही, म्हणून थोडे विषयांतर. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेली पंचविशीतली राणी. पण ताराबाई १७६१ पर्यंत जगल्या. १७५० मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात खुद्द छत्रपती रामराजांना कैदेत टाकून पेशव्यांना घाम फोडला होता. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घालू. पण त्या म्हातारीचा पुतळा कुठे आहे? आपल्या स्मरणातही बाई चाळिशीच्या पुढे जात नाही.

२९/
'कोल्हापुरात हे कसे बोलायचे, लोक काय म्हणतील' असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी : मे २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. पुरुषांच्या समोर. पुढे राज्य सरकारने तो आदर्श म्हणून इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. जे गाव कुंकवाविषयी जाहीर ठराव करू शकते, ते पाळी जाण्याविषयी अडखळेल असे मला वाटत नाही. अडखळतात ते पदव्या लावलेले दवाखाने.

३०/
अलीकडे सरकारी रुग्णालयांत रजोनिवृत्तीसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण कक्षांची भाषा ऐकू येऊ लागली आहे. स्वागत. पण पाटी लावून आठवड्यातून एक दुपार एका थकलेल्या निवासी डॉक्टरला तिथे बसवणे म्हणजे कक्ष नव्हे. चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख आणि झोपेचा प्रश्न असावा, मग ती गुडघ्यासाठी आलेली असो वा रक्तदाबासाठी. तिच्याशी बोलताना नवरा-मुलगा बाहेर थांबावा. गर्भाशय काढण्याच्या संमतीपत्रात अंडाशये काढणार की ठेवणार हे मराठीत, मोठ्या अक्षरांत असावे आणि तिला वाचून दाखवावे. हंगामात फडावर जाणाऱ्या आरोग्य पथकाने मुलांच्या लशींबरोबर त्यांच्या आयांचीही विचारपूस करावी. आणि राष्ट्रीय पाहणीने ४९ ची रेघ पुसावी. यातल्या एकाही गोष्टीला डब्लिनला जावे लागत नाही.

३१/
आत्या आता एकसष्ट वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत मनगट मोडले, तेव्हा ट्रंकेतून तिचा जुना डिस्चार्जचा कागद निघाला. इंग्रजीत. मी मराठीत सांगत गेले. दोन्ही अंडाशये काढल्याची ओळ आली. तिला सोळा वर्षे हे माहीत नव्हते. ती म्हणाली, 'परत वाच की गं.' मी परत वाचले.